पाहिलेला शुक्राणू वापरता येत नाही

माणसाच्या शुक्राणूतली गुणसूत्रे पहिल्यांदा एकेक करून ओळखता आली ती हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या बीजात. १९७८ साली हवाई विद्यापीठातल्या रूडाक, पॅट्रिशिया जेकब्स आणि रियुझो यानागिमाची यांनी हा प्रयोग ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. शुक्राणूच्या डोक्यात गुणसूत्रे इतकी घट्ट दाबून बसवलेली असतात, की सूक्ष्मदर्शकाखाली तिथे एक गडद ठिपका तेवढा दिसतो. ती गाठ सोडवण्याची ताकद स्त्रीबीजात असते. सोनेरी हॅम्स्टरच्या बीजावरचे जाड कवच काढले, तर माणसाचा शुक्राणू आत शिरतो आणि ते परके बीजही त्याची गाठ सोडवते, हे यानागिमाचींनी आधीच दाखवले होते. त्यातून वाढणारा भ्रूण होत नाही. पण काही तासांनी शुक्राणूतली २३ गुणसूत्रे सुटी होतात, काचपट्टीवर पसरता येतात आणि मोजता येतात.

मोजणी झाली, की तो शुक्राणू संपतो. तंत्रे पुढे फार बदलली, ही अट मात्र कायम राहिली. आज वंध्यत्वाच्या उपचारांत ज्या पुरुषांना ‘चांगला शुक्राणू निवडून द्या’ असे सर्वांत कळकळीने म्हणावेसे वाटते, त्यांची सगळी अडचण या एका अटीभोवती फिरते.

हे पुरुष आजारी नसतात. त्यांच्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, जनुकांतले काही कमी नसते आणि काही जास्तही नसते. फरक एवढाच, की दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांनी आपापली टोके एकमेकांना देऊन टाकलेली असतात. डॉक्टर याला संतुलित ट्रान्सलोकेशन म्हणतात. साधारण ५०० ते ६०० माणसांमागे एकाच्या शरीरात अशी अदलाबदल असते आणि बहुतेकांना ती आयुष्यभर कळत नाही. दुसरा प्रकार रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशनचा. त्यात १३, १४, १५, २१ आणि २२ या क्रमांकांपैकी दोन गुणसूत्रे एकमेकांना चिकटून एकच होतात आणि एकूण संख्या ४५ भरते. चिकटताना त्यांचे आखूड हात गळून जातात, पण त्या हातांवरच्या जनुकांच्या पुष्कळ प्रती इतर गुणसूत्रांवर असल्याने त्या माणसाचे काही बिघडत नाही. हा प्रकार हजारात एखाद्यात सापडतो. १३ आणि १४ यांची जोडी त्यात सर्वांत जास्त आढळते. नाव मिळाले आहे ते विल्यम रॉबर्टसन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञावरून. त्यांनी १९१६ साली हा प्रकार नाकतोड्यांत पाहिला होता.

अडचण सुरू होते ती अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे ४६ चे २३ होताना. या विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्र आपला जोडीदार शोधून त्याला शेजारी घेते. अदलाबदल झालेल्या पेशीत हे सरळ जमत नाही, कारण एका गुणसूत्राचे अर्धे अंग एका जोडीदाराचे आणि उरलेले दुसऱ्याचे असते. मग चार गुणसूत्रे एकत्र येऊन क्रूसासारखी आकृती करतात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३० साली मक्याच्या पेशींत अशा आकृतीवरून अदलाबदल नेमकी कुठे झाली ते दाखवून दिले होते. पुढे त्यांना नोबेल मिळाले ते उड्या मारणाऱ्या जनुकांसाठी, पण हे कामही पायाभूत होते. या चारांपैकी दोन एका शुक्राणूत जायची आणि दोन दुसऱ्यात. चारातून दोन निवडण्याच्या रीती सहा. त्यांतल्या दोनच निभावतात: दोन्ही मूळची गुणसूत्रे एकत्र जाणे किंवा दोन्ही बदललेली एकत्र जाणे. उरलेल्या चारही रीतींत कुठला तरी तुकडा दुप्पट होतो आणि कुठला तरी गायब होतो. कधी तीन गुणसूत्रे एकीकडे आणि एकच दुसरीकडे, अशीही वाटणी होते.

११ आणि २२ या गुणसूत्रांतली अदलाबदल पाहिली, तर हे हिशेब घरादारापर्यंत कसे पोचतात ते कळते. एकमेकांशी नाते नसलेल्या कुटुंबांत पुन्हा पुन्हा त्याच जागी तुटून जुळणारी ही सर्वांत जास्त आढळणारी ट्रान्सलोकेशन. त्या दोन्ही जागांवरचा डीएनए उलटसुलट सारखाच वाचता येईल असा असतो. त्यामुळे तो स्वतःवरच दुमडतो, आणि दुमडलेला भाग तुटतो. फिलाडेल्फियातल्या बेव्हर्ली इमॅन्युएल आणि जपानी शास्त्रज्ञ हिरोकी कुराहाशी यांनी २००१ मध्ये दाखवले, की ज्यांच्या रक्तात ही अदलाबदल अजिबात नाही, अशा निरोगी पुरुषांच्या वीर्यातही दहा हजारांत किंवा लाखात एखाद्या शुक्राणूत ती नव्याने घडलेली सापडते. अशी अदलाबदल अंगी असलेल्या, म्हणजे वाहक, आईवडिलांकडून बदललेले २२वे गुणसूत्र जास्तीचे आले, तर बाळाला इमॅन्युएल सिंड्रोम होतो. अशा मुलांची वाढ आणि बौद्धिक विकास मंदावतो, हृदयाचे, टाळूचे दोष असू शकतात. पण बहुतेक असंतुलित गर्भ इथवर येतच नाहीत. ते पहिल्या दोन-तीन महिन्यांत गळून पडतात.

घरात या सगळ्याचे एकच रूप दिसते. दिवस राहतात आणि टिकत नाहीत.

एकदा झाले तर ‘होते असे’ म्हणतात. दुसऱ्यांदा झाले, की सुनेची पथ्ये, सुनेचे चालणे-फिरणे, सुनेचे वय यांची चर्चा सुरू होते. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांपैकी २ ते ५ टक्क्यांत दोघांपैकी एकाच्या गुणसूत्रांत अशी अदलाबदल सापडते, आणि ती व्यक्ती नवराही असू शकते. तपासणीही साधीच असते: दोघांचे थोडेसे रक्त, त्यातल्या पांढऱ्या पेशी सुमारे तीन दिवस वाढवायच्या, विभाजन ऐन मध्यावर थांबवायचे आणि पट्टे रंगवून गुणसूत्रे मांडायची. या अहवालाला कॅरिओटाइप म्हणतात. वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या, म्हणजे काउंट, फार कमी निघाला तरी हीच तपासणी सांगितली जाते. मिलिलिटरमागे ५० लाखांहून कमी, काही मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १ कोटीहून कमी, असा तो उंबरठा आहे. शुक्राणू मुबलक आणि चपळ असलेल्या पुरुषाला मात्र कुणी कॅरिओटाइप सांगत नाही, आणि ट्रान्सलोकेशनच्या कितीतरी वाहकांचा काउंट अगदी उत्तम असतो. त्यांचा अहवाल हातात येतो तोवर बायकोने दोन-तीन गर्भपात सोसलेले असतात. पहिल्याच खेपेला दोघांना शेजारी बसवून, दोघांचेही रक्त घेऊन ही तपासणी झाली पाहिजे. दुसऱ्या गर्भपातानंतरही फक्त बाईच्याच तपासण्या होत राहाव्यात, याचे समर्थन कुठल्याच वैद्यकीय पुस्तकात सापडणार नाही.

हॅम्स्टरच्या बीजांचा प्रयोग किचकट होता. १९९० च्या दशकात त्याची जागा ‘फिश’ या तंत्राने घेतली. त्यात विशिष्ट गुणसूत्राच्या विशिष्ट जागी जाऊन बसणारे, चमकणारे डीएनएचे तुकडे वापरतात. शुक्राणूचे डोके रसायनाने सैल करायचे, तापवायचे, हे रंगीत तुकडे आत सोडायचे आणि अंधारात चमकणारे ठिपके मोजायचे. एका पुरुषाचे असे शेकडो शुक्राणू मोजले, की त्याच्याकडे वाटणी कशी होते ते कळते. टोकांची अदलाबदल असलेल्या पुरुषांत सरासरीने निम्म्याच्या आसपास शुक्राणू असंतुलित निघतात, पण कुणात ते २० टक्के असतात तर कुणात ८० टक्के. रॉबर्टसोनियन प्रकारात हे प्रमाण बरेच कमी, बहुधा १० ते १५ टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे सहा रीतींतल्या दोनच चांगल्या, हे गणित जितके भीतीदायक वाटते तितकी प्रत्यक्ष वाटणी वाईट नसते. क्रूसाच्या आकृतीतून समोरासमोरची गुणसूत्रे एकत्र निघण्याकडे पेशीचा कल असतो.

इतके कळूनही हाती लागते ती फक्त टक्केवारी. मोजलेले शुक्राणू मेलेले असतात, आणि उपचारात वापरायचे आहेत ते न मोजलेले.

मग जिवंत शुक्राणूच्या बाहेरच्या रूपावरून आतला संच ओळखता येईल का? ही आशा स्वाभाविक आहे. ज्याच्या आत जनुकांचा पसारा चुकला आहे, तो शुक्राणू वाकडा असेल, हळू पोहत असेल, असे कुणालाही वाटेल. वृषणात मात्र भलतीच व्यवस्था असते. एका मूळ पेशीपासून निघालेल्या शुक्राणूंच्या पेशी पूर्ण सुट्या होत नाहीत. बारीक पुलांनी त्या एकमेकींना जोडलेल्या राहतात, आणि त्या पुलांवरून प्रथिनांचे निरोप एकीकडून दुसरीकडे जात राहतात. फिलाडेल्फियातल्या राल्फ ब्रिन्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये उंदरांवर हे दाखवले. एखाद्या पेशीत एक जनुक नसेल, तरी शेजारणीकडून त्या जनुकाचे प्रथिन तिला मिळते. ही सोय नसती, तर वाय गुणसूत्र मिळालेल्या शुक्राणूंना एक्सवरची जनुके कधीच वापरता आली नसती. आपण सगळेच या पुलांमुळे जन्मलो आहोत. पण त्याच पुलांमुळे चुकीचा संच घेऊन निघालेला शुक्राणू शेजाऱ्यांच्या जोरावर सुबक डोके आणि जोरकस शेपूट मिळवतो. बंद लिफाफ्याच्या कागदावरून आतले पत्र वाचण्यासारखे हे काम आहे.

तरीही लिफाफ्यावर काहीच उमटत नाही, असेही नाही. वृषणातल्या पेशी विभाजनाच्या वेळी जोड्या जुळल्या की नाही हे तपासतात, आणि फार गोंधळ असेल तर त्या पेशींना मरणाची सूचना जाते. अदलाबदल झालेली गुणसूत्रे जुळायला उशीर करतात, कधी एक्स-वायच्या जोडीत घुसतात. म्हणून अशा काही पुरुषांत शुक्राणूंची संख्याच कमी होते. स्त्रीच्या अंडाशयात ही तपासणी एवढी कडक नसते. या भेदाचा सर्वांत ठळक पुरावा डाऊन सिंड्रोममध्ये मिळतो. १४ आणि २१ ही गुणसूत्रे चिकटलेली आईकडे असतील, तर डाऊन सिंड्रोमचे बाळ जन्मण्याची शक्यता १० ते १५ टक्के असते. हीच जोडणी वडिलांकडे असेल तर ती १ टक्क्याच्या आसपास उतरते. (दोन्ही २१वी गुणसूत्रे एकमेकांना चिकटली असतील, तर मात्र आई असो वा वडील, निरोगी बाळाची वाट जवळजवळ बंद असते.) वडिलांच्या बाजूने कुठेतरी गाळणी लागते. वृषणात, स्त्रीच्या शरीरातल्या लांबच्या प्रवासात, बीजाच्या कवचापाशी, अशा अनेक टप्प्यांवर मिळून ती लागत असावी.

१९९२ साली ब्रुसेल्समध्ये जान्पिएरो पालेर्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इक्सीने झालेल्या पहिल्या गर्भधारणा ‘लॅन्सेट’मध्ये जाहीर केल्या. एक शुक्राणू घ्यायचा, त्याची शेपटी सुईने दाबून त्याला स्थिर करायचे आणि तो थेट बीजाच्या आत सोडायचा. ज्यांच्या वीर्यात मोजके शुक्राणू होते, अशा असंख्य पुरुषांना या तंत्राने बाप केले. त्याच वेळी निसर्गाच्या बहुतेक गाळण्या एका झटक्यात बाजूला पडल्या. प्रवास नाही, स्पर्धा नाही, कवचापाशी पारख नाही. निवड उरली ती प्रयोगशाळेतल्या भ्रूणतज्ज्ञाच्या नजरेवर. २०० ते ४०० पट मोठे करून पाहताना तो बांधेसूद आणि पोहणारा शुक्राणू उचलतो. पाच मायक्रॉनच्या त्या डोक्यात कुठला तुकडा जास्त आहे, हे त्याला दिसणे शक्यच नसते.

नजर तीक्ष्ण करून पाहावी, म्हणून इस्रायलमधल्या बेंजामिन बार्टूव्ह यांनी ६,००० पटींहून अधिक मोठी प्रतिमा घेऊन शुक्राणूच्या डोक्यावरचे खळगे पाहायला सुरुवात केली. इम्सी नावाने हे तंत्र जगभर पसरले. ट्रान्सलोकेशनच्या पुरुषांना त्याचा उपयोग होतो का, हे फ्रान्समधल्या कासुतो आणि सहकाऱ्यांनी अशा नऊ पुरुषांत तपासले. २०११ साली आलेले उत्तर निराशाजनक होते. इतक्या मोठ्या प्रतिमेत निर्दोष दिसणाऱ्या शुक्राणूंतही असंतुलित संचांचे प्रमाण बाकीच्यांसारखेच होते. पुलांची गोष्ट लक्षात घेतली, तर यात नवल नाही. रूप शेजाऱ्यांकडून उसने मिळते.

पॅरिसमधल्या एका गटाने दुसरी दिशा धरली. मरणाची सूचना मिळालेल्या काही पेशी पूर्ण मरत नाहीत. अर्धवट खुणा घेऊन त्या शुक्राणू बनून बाहेर पडतात. त्यांचा डीएनए जास्त तुटलेला असतो, आवरण थोडे दुबळे असते. अलेक्झांद्र रुआं आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एकेका शुक्राणूत दोन्ही गोष्टी एकाच वेळी तपासल्या, तेव्हा असंतुलित संच असलेल्यांत तुटका डीएनए अधिक दिसला. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक साधी बाब मांडली. वीर्य धुताना बहुतेक प्रयोगशाळा ते सिलिकाच्या कमी-जास्त घनतेच्या थरांवरून फिरवतात आणि तळाशी जमलेले शुक्राणू वापरतात. वाहक पुरुषांच्या बाबतीत एवढ्यानेच असंतुलित शुक्राणूंचे प्रमाण घटते. ते शून्यावर येत नाही, पण रोजचीच एक कृती नकळत थोडी गाळणी करत होती, हे कळले.

२०१७ मध्ये याच गटाने त्याहून चकित करणारी गोष्ट पुढे आणली. ती उभी होती १९८४ मधल्या एका स्वस्त तपासणीवर. राजसिंगम जयेंद्रन आणि सहकाऱ्यांची ही तपासणी ‘होस्ट’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. सायट्रेट आणि फ्रुक्टोजच्या पातळ द्रावणात शुक्राणू ठेवले, की आवरण शाबूत असलेल्या शुक्राणूत पाणी शिरते आणि त्याची शेपटी फुगून वळते. मेलेल्याची शेपटी सरळ राहते. अजिबात न हलणाऱ्या शुक्राणूंतून जिवंत कोणता हे ओळखून इक्सी करण्यासाठी १९९० च्या दशकापासून ही तपासणी वापरली जाते. शेपटी वळण्याच्या मात्र अनेक तऱ्हा असतात: कुणाचे फक्त टोक वळते, कुणाची शेपटी मधूनच दुमडते, कुणाची सबंध फुगते. २०१० मध्ये कोरियातल्या संशोधकांनी या तऱ्हांचा आणि गुणसूत्रांच्या चुकलेल्या संख्येचा संबंध दाखवला होता. पॅरिसच्या गटाने अदलाबदल असलेल्या पुरुषांचे शुक्राणू शेपटीच्या तऱ्हेनुसार वेगळे केले आणि मग फिश केले. वळण्याच्या एका विशिष्ट तऱ्हेच्या शुक्राणूंत असंतुलित संच लक्षणीयरीत्या कमी निघाले.

महागड्या भिंगांना जे जमले नव्हते, ते साखर-क्षाराच्या द्रावणाने थोडेफार साधले. शिवाय या पद्धतीत निवडलेला शुक्राणू जिवंत राहतो आणि तोच सुईत घेता येतो. म्हणून या कामाकडे आशेने पाहायला हरकत नाही. पण तपासलेले पुरुष थोडे होते, आणि मोजले होते ते शुक्राणू. उपचारात हवी असतात बाळे, आणि या दोहोंतले अंतर मोठे असते.

ते अंतर किती मोठे असते, हे ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले. प्रौढ, परिपक्व शुक्राणू हायलुरोनान नावाच्या पदार्थाला चिकटतो, म्हणून चिकटलेले तेवढे उचलून इक्सी करायची, अशी ती पद्धत. प्रयोगशाळेतले सुरुवातीचे निष्कर्ष फार उमेद देणारे होते, चिकटणाऱ्या शुक्राणूंत गुणसूत्रांची चुकीची संख्या कितीतरी कमी दिसली होती. मग १६ केंद्रांतल्या २,७७२ जोडप्यांवर रीतसर चाचणी झाली. ही जोडपी ट्रान्सलोकेशनची नव्हती, सर्वसाधारण इक्सीची होती. २०१९ मध्ये निकाल आला: पूर्ण दिवसांचे बाळ जन्मण्याचे प्रमाण २७.४ टक्के, आणि नेहमीच्या इक्सीत २५.२ टक्के. हा फरक ठाम मानता येण्याएवढा नव्हता. गर्भपात मात्र कमी झाले, ७ टक्क्यांवरून ४.३ टक्क्यांवर. मुख्य प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तरी गर्भपाताची ही आकडेवारी ट्रान्सलोकेशनच्या जोडप्यांच्या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगी आहे. शुक्राणू निवडण्याचे कुठलेही नवे यंत्र किंवा डिश दाखवून जास्तीचे पैसे सांगितले गेले, तर जोडप्याने एवढे तरी विचारावे, की यातून जन्मलेल्या बाळांची मोजणी झाली आहे का, आणि ती आमच्यासारख्यांत झाली आहे का.

जिवंत शुक्राणू आतल्या डीएनएच्या प्रमाणावरून वेगळे करण्याचे एक तंत्र खरोखरच आहे. महाराष्ट्रातल्या दूध उत्पादकांना ते ओळखीचे आहे, कारण कालवडीच जन्माव्यात म्हणून मिळणाऱ्या लिंगविनिश्चित रेतमात्रा त्यातूनच येतात. एक्स गुणसूत्र वायपेक्षा मोठे असते. माणसात एक्स शुक्राणूत सुमारे २.८ टक्के डीएनए जास्त असतो, गाईबैलांत फरक त्याहून थोडा अधिक. डीएनएला चिकटणारा रंग लावून, लेसरच्या झोतातून एकेक थेंब सोडून त्यांची वाटणी करतात. अमेरिकेच्या शेती खात्यातल्या लॉरेन्स जॉन्सन यांनी १९८९ मध्ये सशांवर ते यशस्वी केले. ट्रान्सलोकेशनला मात्र ते लागू पडत नाही. असंतुलित शुक्राणूत एक तुकडा जास्त असतो आणि दुसरा कमी, त्यामुळे एकूण वजाबाकी कित्येकदा नगण्य उरते.

आणि माणसाच्या बाबतीत या तंत्राने मुलगा-मुलगी निवडणे भारतात गुन्हा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तो कागदावरच राहिला, म्हणून मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २००३ पासून कायद्याच्या नावातच ‘गर्भधारणापूर्व’ हा शब्द आला, आणि शुक्राणूंच्या पातळीवरची लिंगनिवडही बंद झाली. गुणसूत्रांतले दोष शोधण्याला मात्र कायद्याने जागा ठेवली आहे. भ्रूणाची ट्रान्सलोकेशनसाठी तपासणी नोंदणीकृत केंद्रात करता येते. अहवालात लिंग सांगता येत नाही. या कायद्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, त्यांनी ही रेघ योग्य ठिकाणी ओढून घेतली.

जनावरांचा विषय निघालाच आहे, तर त्यातली एक गोष्ट सांगायला हवी. १९६४ मध्ये स्वीडनच्या इंगेमार गुस्ताव्हसन यांना तांबड्या-पांढऱ्या जातीच्या गुरांत १ आणि २९ या गुणसूत्रांची रॉबर्टसोनियन जोडणी सापडली. ती वाहणाऱ्या वळूंच्या मुलींची गाभ धरण्याची क्षमता कमी होती. तेव्हापासून देशोदेशी वळूंची गुणसूत्रे तपासू लागले, आणि भारतातही गोठवलेल्या वीर्याच्या केंद्रात वळू घेण्यापूर्वी ही तपासणी करण्याचा दंडक आहे.

शुक्राणू निवडून जे जमत नाही, ते आज भ्रूण निवडून केले जाते. अ‍ॅलन हॅन्डीसाइड यांच्या गटाने लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९९० मध्ये भ्रूणाची एखादी पेशी काढून तपासणी करण्याचा मार्ग उघडला. आता पाचव्या-सहाव्या दिवशीच्या भ्रूणाच्या बाहेरच्या, पुढे वार होणाऱ्या भागातल्या चार-पाच पेशी घेतात, भ्रूण गोठवतात आणि संच संतुलित असलेलाच गर्भाशयात ठेवतात. यात शुक्राणूचा अंदाज बांधावा लागत नाही, कारण त्याने आणलेला संच आता भ्रूणाच्या प्रत्येक पेशीत उतरलेला असतो. पण या मार्गाचा भार कुणावर पडतो ते पाहावे. गुणसूत्रे नवऱ्याची बदललेली आणि रोजची इंजेक्शने बायकोला. सुईने बीजे काढायची तिचीच, भूल तिलाच. दहा बीजे मिळाली, त्यांतली सात फळली, तीन-चार भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत पोचले आणि तपासणीत एकही संतुलित निघाला नाही, असा अहवाल घेऊन बसलेली जोडपी कुठल्याही मोठ्या केंद्रात भेटतील. मग पुन्हा तेच चक्र, पुन्हा तिच्याच शरीरावर. शुक्राणूंची निवड महत्त्वाची ठरते ती इथे. असंतुलित शुक्राणू निम्म्याऐवजी पाचात एक झाले, तर भ्रूणाची तपासणी टळणार नाही, पण तेवढ्याच बीजांतून चांगला भ्रूण मिळण्याची शक्यता वाढेल आणि कुणा बाईची एखादी फेरी वाचेल. पॅरिसच्या त्या द्रावणाचे खरे मोल हे आहे.

हे सगळे वाचून प्रत्येक वाहक पुरुषाला आयव्हीएफच, म्हणजे शरीराबाहेर बीज फळवण्याचे उपचारच, करावे लागतात असे वाटेल, तर ते चूक आहे. नेदरलँड्समध्ये दोन किंवा अधिक गर्भपातांनंतर तपासलेल्या जोडप्यांचा सरासरी जवळजवळ सहा वर्षे मागोवा घेतला गेला. २००६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेले निष्कर्ष कुठल्याही समुपदेशकाने पहिल्या भेटीत सांगावेत असे आहेत. ज्या जोडप्यांत एक जण वाहक होता त्यांच्यापैकी ८३ टक्क्यांना किमान एक निरोगी मूल झाले. ज्यांच्यात कुणीच वाहक नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण ८४ टक्के होते. वाहक जोडप्यांना वाटेत गर्भपात जास्त सोसावे लागले, पण शेवटी बहुतेक घरांत पाळणा हलला. अर्थात ही जोडपी आपोआप दिवस राहणारी होती. ज्याच्या वीर्यात शुक्राणू जेमतेम सापडतात, त्याला हे आकडे लागू नाहीत. त्याला इक्सीशिवाय पर्याय कमीच.

कधी कॅरिओटाइपच्या अहवालात ‘नवव्या गुणसूत्रात इन्व्हर्जन’ असे लिहिलेले असते आणि घरात धसका बसतो. शेकड्यात एक ते तीन माणसांत नवव्या गुणसूत्राचा मधला तुकडा उलटा बसलेला असतो. तज्ज्ञ त्याला चेहऱ्यामोहऱ्यातल्या फरकासारखाच निरुपद्रवी मानतात. त्यासाठी शुक्राणूंची निवडही नको आणि भ्रूणाची तपासणीही नको. अहवाल हाती आला, की इंटरनेटवर शोधण्याआधी जनुकीय समुपदेशकाकडे जावे ते यासाठी.

उपचार सफल होऊन बाळ जन्मले, तरी एक प्रश्न शिल्लक असतो. संतुलित म्हणून निवडलेल्या भ्रूणांतले साधारण निम्मे पूर्णपणे मूळ रचनेचे असतात आणि निम्मे वडिलांसारखेच वाहक. तपासणीच्या नेहमीच्या पद्धतींना या दोहोंतला फरक दिसत नाही, कारण दोन्हींत डीएनए तेवढाच असतो. बाळ वाहक असले तरी निरोगीच असते, म्हणून लहानपणी त्याची तपासणी करण्याची घाई करू नये, असे बहुतेक तज्ज्ञ सांगतात. ते मोठे झाल्यावर, स्वतःच्या मुलांचा विचार करू लागेल तेव्हा, त्याने स्वतः ठरवून रक्त द्यावे. तोवर आईवडिलांनी आपला कॅरिओटाइपचा कागद जपून ठेवायचा आणि योग्य वयात त्याला ही माहिती द्यायची. आणि वडिलांनी आपल्या भावाबहिणींनाही ती कळवायची, कारण तीच अदलाबदल त्यांच्यापैकी कुणाकडेही असू शकते.